पासंग आणि दादाच्या गॅरेजचं दार

भाऊजी,

परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "वहिनी, दादाच्या त्या दाराचं शेवटी काय झालं होतं हो?" मागच्या आठवड्यातही विचारलं होतंत. मी सांगितलं, तुम्ही मनापासून हसलात आणि फोन ठेवलात. आता पुन्हा पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आला आहे, हे स्पष्टच सांगते. म्हणून लिहूनच पाठवते. चष्मा लावा, उजेडात बसा आणि एका दमात वाचा. तुम्ही त्या वेळी जेवढं बोललात तेवढं यात आहे. जिथे गप्प बसलात तिथे मी माझ्या मनाने भरलं आहे. पटलं नाही तर खोडा. आणि 'तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत' असं लिहायला लागले की वर्गात एखाद्याला उभं करून झापल्यासारखं वाटतं. तेव्हा इथून पुढे तुम्ही म्हणजे 'तो', आणि मी नुसती वहिनी.

तर त्याला सगळे पासंग म्हणायचे. भावंडांत सगळ्यात धाकटा. मोठी मुलं खेळायला दोन गट पाडायची आणि एखादा गट कमी पडला की याला त्यात ढकलायची, तराजूच्या हलक्या पारड्यात खडा टाकावा तशी. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे हा गॅरेजची दारं तोलण्याच्या धंद्यात पडला तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट झाली. त्याला खरं म्हणजे लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा होता. पण दारांच्या कारखान्यात आधी बोलावणं आलं, आणि ट्रक राहिला तो राहिलाच.

लोकांना वाटतं, गॅरेजचं दार मोटर उचलते. मोटर नुसती ढकलते. उचलते ती दाराच्या वर, आडव्या दांड्यावर बसवलेली जाडजूड स्प्रिंग. तिला पीळ दिला की तिच्यात बळ येतं. पीळ बरोबर बसला तर माणसापेक्षा जड दार एका हाताने वर जातं आणि सोडाल तिथे थांबतं. गुडघ्याशी सोडा, कमरेशी सोडा, खांद्याशी सोडा, ते तसूभर हलत नाही. पासंग याला 'दार झोपलं' म्हणायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, बिघडलं. मग हा समजावत बसायचा की नाही हो, झोपलं म्हणजे चांगलं. पीळ द्यायला दोन लोखंडी सळया लागतात. एक घालायची, फिरवायची, दुसरी घालायची, मग पहिली काढायची. त्यात लक्ष चुकलं तर स्प्रिंग सळई अशी भिरकावते की हाताचं हाड राहत नाही. त्याच्या धंद्यातले बरेच जण डाव्या हाताने जेवायला शिकले आहेत. हा कधीच नाही.

बायको लवकर गेली. लेकीला त्याने कामाच्या गाडीत, शिडीच्या खाली वाढवलं. शाळेतून आली की ती मागच्या सीटवर अभ्यास करायची आणि बाप वरून ओरडायचा, "पाना दे, नऊचा पाढा पुढे म्हण." आता ती धंद्यात बरोबरीची भागीदार होती, हाताने त्याच्याइतकीच पक्की, आणि तोंडाने त्याच्याहून.

अलीकडे ती बापाकडे जरा निरखून बघायला लागली होती. एकाच गिऱ्हाइकाला त्याने दोनदा फोन करून तीच वेळ दिली. एकदा लोकांच्या अंगणात शिडी विसरून आला. आता शिडी ही काय विसरायची वस्तू आहे? ती गाडीच्या टपावर असते, नसली तर दिसते.

"बाबा, यापुढे स्प्रिंगला हात मी लावीन," एक दिवस ती म्हणाली. "तुम्ही खालून सांगा."

"मी काय ट्रॅफिक पोलीस आहे, खालून हात करायला?"

"पोलीस बरे. ते शिट्टी विसरत नाहीत."

हा टोमणा त्याला झोंबला. नेमकं त्याच सुमारास दादाच्या दाराचं काम निघालं. दादाने निवृत्त झाल्यावर एक जुनी गाडी घेतली होती. चालत नव्हती, ओढून आणली. तिच्या पोटाखाली उभं राहता यावं म्हणून त्याने गॅरेजमध्ये गाडी वर उचलणारा लिफ्ट बसवून घेतला. सगळं झाल्यावर लक्षात आलं की उचललेली गाडी आणि उघडलेलं दार दोघांनाही छताखालची एकच जागा हवी आहे. म्हणजे दार ज्यांतून सरकतं ते ट्रॅक उंच चढवायला हवेत. दाराने भिंतीला धरून सरळ वर जायचं आणि अगदी छताशी गेल्यावर मग आडवं व्हायचं.

"दादाचं दार मी एकटा करतो," पासंग लेकीला म्हणाला. "ते झोपलं तर सळया माझ्या. नाही झोपलं तर सळया तुझ्या, आणि मी आयुष्यभर खालून हात करीन."

"बाबा, मी काही पैज लावत नाहीये."

"मी लावतोय."

असं ते ठरलं.

हे उंच चढवलेलं दार तोलणं नेहमीच्या दारासारखं नसतं. नेहमीचं दार वर जाता जाता आडवं होत जातं आणि आपला भार ट्रॅकवर टाकत जातं. तिकडे स्प्रिंगही सैल होत जाते. दोघं मिळून थकतात, म्हणून भांडण होत नाही. उंच ट्रॅकवर मात्र दार बराच वेळ उभंच राहतं, सगळा भार दार ओढणाऱ्या तारेवर, आणि स्प्रिंग तर थकायला लागलेली. म्हणून तार गुंडाळायला गाजरासारखे निमुळते ड्रम बसवावे लागतात. तार जाड बाजूने सुरू होते आणि बारीक बाजूकडे सरकते, आणि स्प्रिंगचं थकणं त्यात झाकलं जातं. पासंगने असे ड्रम मागवले, ट्रॅक चढवले, दाराची मूठ जुन्या जागेवरून काढून जरा वर बसवली. वहिनीच्या न्हाणीघरातला वजनकाटा दाराखाली ठेवून दार तोललं. हे तो कुठल्याही दाराला एकदाच करायचा. दुसऱ्यांदा तोलणारा कच्चा, असं त्याचं मत होतं आणि ते तो चारचौघांत बोलून दाखवायचा. मग स्प्रिंगवर खडूची सरळ रेघ ओढून पीळ दिला. पीळ बसतो तशी ती रेघ वेटोळी होते, त्या वेटोळ्यांवरून किती पीळ दिला ते केव्हाही कळतं.

दुपारी दार झोपलं. गुडघ्याशी, कमरेशी, खांद्याशी. पासंग शीळ घालत घरी गेला.

सकाळी दादाचा फोन. "खाली येतंय."

"काय?"

"दार. मध्ये सोडलं की खाली येतंय. मी काही केलं नाही हां."

पासंग गेला. खरंच, कमरेशी सोडलं की दार हळूच, लाजत लाजत खाली उतरत होतं. त्याने खडूची वेटोळी पाहिली. होती तेवढीच होती. तार जागेवर, ड्रम जागेवर, स्क्रू घट्ट. मग काल आपण नीट पाहिलं नसेल, असं म्हणून त्याने थोडा पीळ वाढवला. दार झोपलं. इतर बारीकसारीक कामं आटोपून दुपारी पुन्हा हात लावतो तर दार जमिनीवर टेकायला तयार नाही. दाबून बसवलं की उडी मारून वर. सकाळी लोळत होतं, दुपारी नाचत होतं. त्याने पीळ कमी केला. झोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लोळायला लागलं.

असं होत राहिलं आणि पासंगची मती गुंग झाली. त्याने उष्णतेला दोष देऊन पाहिला, पण गॅरेजमध्ये सकाळी काय आणि दुपारी काय, सारखंच गार. ड्रम उलटसुलट बसले की काय म्हणून काढून पाहिले, बरोबर होते. ट्रॅक कुठे घासतोय का म्हणून कानाला लावून ऐकलं. सकाळचा पासंग आणि दुपारचा पासंग ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि एक दुसऱ्याचं काम बिघडवून जातो आहे, असं त्याला वाटायला लागलं. एकदा तर दादाच्या घराचं वळण मागे टाकून तो पुढे गेला. दाराच्या विचारात होतो म्हणून गेलो, की वळणच आठवलं नाही? रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो बराच वेळ हेच ठरवत बसला. ठरलं नाही.

लेकीला तो सांगायचा, "होतंय, होतंय."

"काय होतंय?"

"दार."

"दादाकाकांचं दार म्हणजे काय लग्न आहे का, इतके दिवस चालायला? मी येऊ?"

"यायचं नाही."

शेवटी एका सकाळी, दादा बाहेर गेलेला पाहून, त्याने कधी न केलेली गोष्ट केली. सगळा पीळ सोडला, पहारीने दार जरासं उचकलं, खाली काटा सरकवला आणि दार दुसऱ्यांदा तोललं. पहिल्यापेक्षा आठ-नऊ किलो जास्त भरलं. तो काट्याकडे बघतच राहिला. मग काटा उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"वहिनी, तुमचं वजन किती?"

"हा काय प्रश्न झाला?"

"काट्याची खात्री करायचीय. जरा उभ्या राहा."

"दादांना उभं करा की आल्यावर."

"तो खोटं सांगतो."

हे खरं होतं, त्यामुळे वहिनी उभी राहिली. परवाच दवाखान्यात भरलं होतं तेवढंच भरलं.

"काटा खरा आहे," पासंग म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसला नाही.

"म्हणजे दार जड झालंय. झालं, सापडलं की!"

"दार काय जेवतं का वहिनी, जड व्हायला? लोखंडाचं आहे. हात लावून बघितलं, बाहेरून कोरडं ठणठणीत. काही लावलं नाही, काही काढलं नाही." मग काट्याकडे बघत म्हणाला, "नाहीतर पहिला आकडा मला चुकीचा आठवतोय."

"कुठे लिहिला नाहीत?"

"आजवर कधी लागलं नाही."

वहिनीने चहा टाकला.

पासंगने हिशेब केला, तो असा. दार जड होऊ शकत नाही. काटा खरा आहे. मग खोटा कोण, तर आपण. घरी जाऊन त्याने सळया फडक्याने पुसल्या, त्याच फडक्यात गुंडाळल्या आणि लेकीपुढे ठेवल्या.

"घे."

"बाबा, हे काय?"

"ठरलं होतं."

"मी गमतीत बोलले होते. ते पोलिसाचं वगैरे."

"मी गमतीत नव्हतो."

लेकीचा चेहरा एवढासा झाला. इतके दिवस जे मागत होती ते हातात आलं होतं आणि तिला ते कुठे ठेवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पासंग हाताची घडी घालून खाली उभा राहिला. एकदाही 'असं कर' म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिने पीळ सोडला आणि बापासारखाच काटा घेतला. पण काटा दाराखाली सपाट बसेना, म्हणून तिने दाराच्या तळाला असते ती रबरी पट्टी उपसून काढली. त्याबरोबर तळाच्या फटीतून पाण्याची धार लागली ती थेट तिच्या बुटांवर.

"बाबा! दाराला जलोदर झालाय!"

सगळे धावले. हे दार जुन्या पद्धतीचं, दोन पत्रे आणि मध्ये कापसासारखं भरण. ते भरण चिंब झालेलं, स्पंजासारखं. पाणी वाहतच होतं. गॅरेजच्या उतारावरून ते दादाच्या सपातांपर्यंत आलं तरी दादा जागचा हलला नाही. तो नळाकडे बघत होता.

"बोला," वहिनी म्हणाली.

"मी संध्याकाळी गाडी धुतो ना," दादा म्हणाला. "मग जाता जाता दारावरही पाणी मारतो. बाहेरून. म्हटलं, हा दिवसभर राबतो, सकाळी आल्यावर त्याला दार निदान स्वच्छ दिसावं."

"रोज?" पासंगने विचारलं.

"रोज."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं?"

या दोघा भावांचं हे असंच. एकाने दुसऱ्यासाठी काही केलं तर ते बोलून दाखवायचं नाही. बोललं की उपकार होतो, असं दोघांनाही लहानपणापासून वाटतं. पासंग दादाच्या गाडीच्या टायरमध्ये गुपचूप हवा भरून जातो. दादा पासंगच्या अंगणातली झाडं तो कामावर गेल्यावर छाटून येतो, आणि पासंग वर्षभर शेजाऱ्याचे आभार मानत बसतो. नळीने धुतलेलं दार रात्रभर पाणी धरून ठेवायचं, सकाळी जड असायचं, आणि रबरी पट्टीच्या कडेने झिरपत झिरपत दुपारपर्यंत हलकं व्हायचं. गॅरेजची फरशी गाडी धुतल्याने एरवीही ओलीच, त्यामुळे ते पाणी कोणाच्या लक्षात आलं नाही.

पासंग हसायला लागला. इतका हसला की त्याला शिडीच्या पायरीवर बसावं लागलं. "मी येडा झालो म्हणून सळया देऊन बसलो," तो म्हणत होता, "आणि दादा दाराला आंघोळ घालतोय!"

लेकीने तेवढ्यात बाहेरून दार चाचपलं होतं. जुनी मूठ होती तिथे, तळाच्या पत्र्यावर, दोन भोकं उघडी होती. "पाणी इथून शिरलं. बाबा, यांची बुचं?"

"बसवली होती. रबराची. मी स्वतः."

"मग माझ्या धारेनेच उडाली," दादा लगेच म्हणाला. आपल्याकडे काहीतरी चूक आली याचं त्याला बरंच वाटत असावं. "नळी मी जोरात धरतो."

इकडे तिकडे शोधलं, सापडली नाहीत. गटारात गेली असतील असं ठरलं. लेकीने सळया फडक्यातून काढून बापाच्या हातात दिल्या. "घ्या. चूक दाराची होती." आणि मग, कधी नव्हे ते, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून एक क्षण उभी राहिली.

दार निथळून निथळून पहिल्या आकड्याला आलं. तोच आकडा, पासंगला आठवत होता तोच. त्याने नवीन खडूची रेघ ओढली आणि पीळ दिला. सळई आत, फिरव, दुसरी आत, पहिली बाहेर. हात असे चालत होते की दादा वाकून वाकून बघत होता. दार कमरेशी सोडलं. झोपलं. खांद्याशी सोडलं. झोपलं. लेकीने टाळी वाजवली आणि सामान गाडीत टाकायला गेली. दादा तिच्यामागे शिडी घेऊन गेला.

पासंगने खडू ठेवायला मांडीवरच्या खिशात हात घातला, आणि हात तिथेच थांबला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. त्याने मूठ बाहेर काढली, उघडली. दोन काळी रबरी बुचं. कोरी, न बसवलेली.

त्याने मूठ मिटली. वर बघतो तर वहिनी.

"दुसऱ्या दाराची असतील," वहिनी म्हणाली.

"असतील." तो तळव्यात ती फिरवत राहिला. "पण वहिनी, मी बसवली होती. अंगठ्याने दाबली होती. अंगठ्याला आठवतंय."

"अंगठ्याचं काय घेऊन बसलात! मी काल फ्रीजसमोर उभी राहून आपण का आलो ते आठवत होते. शेवटी दुधाचं भांडं बघून परत गेले."

"तसं नाही हे."

"तसंच आहे की वेगळं आहे, ते आपण ठरवायचं नसतं. त्याला डॉक्टर असतात, मेंदूचे. मी नाव काढून ठेवते. गुरुवारी जाऊ, तुम्ही आणि मी. मलाही तपासून घ्यायचंच आहे."

"लेकीला सांगायचं?"

"कोणालाच नाही."

बाहेरून दादा ओरडला, "चहा झाला का गं?" पासंगने बुचं खिशात टाकली, मग काढली, मग जाऊन दाराच्या भोकांत बसवली. अंगठ्याने दाबली. परत येऊन पुन्हा पाहून आला. चहा पिता पिता आणखी एकदा पाहून आला.

घरी पोचल्यावर त्याने सळया आपल्या पेटीत ठेवल्या नाहीत, गाडीत लेकीच्या सीटखाली ठेवल्या. लेकीला वाटलं, विसरला.

गुरुवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, केस पाणी लावून बसवलेले. वहिनी पर्स खांद्याला लावून, चपला घालून तयार होती. दादा बनियनवर, हाताला ग्रीस लावून, गाडीखालून बाहेर आला.

"दोघं कुठे निघालात नटूनथटून?"

"कुठे नाही," दोघं एकदमच म्हणाले.

"मग बरंच झालं. अरे, लिफ्ट उजवीकडे कलल्यासारखा वाटतो. बघतोस जरा?"

पासंगने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने 'आधी चला' एवढंच म्हणायचं होतं. पण दादा समोर उभा, आणि म्हटलं की का, कुठे, कशासाठी, सगळं आलं. वहिनीने घड्याळाकडे पाहिलं. पासंगने तेवढ्यात बाह्या वर सारल्या होत्या. लिफ्ट खरंच कलला होता, एका पायाखालचा बोल्ट ढिला निघाला. तो आवळून होईपर्यंत डॉक्टरांची वेळ टळून गेली. शर्टाला खांद्यावर तेलाचा डाग पडला. वहिनीने पर्स खुंटीला अडकवली.

निघताना तो फाटकाशी थांबून हळूच म्हणाला, "आता पुढची वेळ घेऊ, वहिनी."

"घेऊ," वहिनी म्हणाली.

ती कोणी घ्यायची, ते मात्र ठरलं नाही.